गुणपत्रकाला किती विचारायचे?



आजचा विषय इथे बसलेल्या प्रत्येकाच्या घरातल्या कपाटात आहे. एक जुनी फाइल असते. तिच्यात शाळा सोडल्याचा दाखला, दहावीचे प्रमाणपत्र, बारावीचे गुणपत्रक आणि त्यांच्या साक्षांकित झेरॉक्स असतात. पासपोर्ट काढायचा असो, नोकरीला रुजू व्हायचे असो की जन्मतारखेचा पुरावा द्यायचा असो, ती फाइल खाली उतरते. माणूस साठीला टेकला तरी त्या कागदावरचा आकडा त्याला तोंडपाठ असतो. ‘मला बारावीला इतके होते’ हे वाक्य महाराष्ट्रात वय विचारात न घेता बोलले जाते.

पण तो आकडा नेमके काय सांगतो? तो तयार कसा होतो? तो कशासाठी वापरावा आणि कशासाठी वापरू नये? हे तीन प्रश्न क्रमाने घेऊ आणि शेवटी काही मागण्या मांडू. म्हणणे एकच आहे: आपली परीक्षा वाईट नाही, पण तिच्या आकड्याकडून आपण जे वदवून घेतो, ते त्याला माहीतच नसते.

आधी कागद पाहू. बारावी झाल्यावर मुलाच्या हातात दोन कागद येतात. एक गुणपत्रक, म्हणजे विषयवार गुण. दुसरे उच्च माध्यमिक प्रमाणपत्र, म्हणजे हा मुलगा किंवा ही मुलगी परीक्षा उत्तीर्ण झाली याची मंडळाने दिलेली साक्ष. दोन कागद आहेत, कारण कामे दोन आहेत. एक मोजतो, दुसरा ग्वाही देतो. हा फरक लक्षात ठेवा, पुढे तो लागणार आहे.

ही ग्वाही देण्याची परंपरा आपल्या शहरात जुनी आहे. मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले आणि १८५९ मध्ये त्याने पहिली मॅट्रिकची परीक्षा घेतली. त्या पहिल्या तुकडीत महादेव गोविंद रानडे होते, रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. विद्यापीठाला पाहायचे होते एवढेच, की हा विद्यार्थी पुढचे शिक्षण झेपेल इतका तयार आहे का. मॅट्रिक म्हणजे उंबरठा होता. तो ओलांडला की आत. पुढे शालान्त परीक्षा विद्यापीठाकडून निघून स्वतंत्र यंत्रणेकडे आली आणि १ जानेवारी १९६६ रोजी आजचे राज्य मंडळ अस्तित्वात आले. १९७५ मध्ये दहावीची पहिली शालान्त परीक्षा झाली, दहा अधिक दोन अधिक तीन हा आकृतिबंध आला आणि ‘अकरावी मॅट्रिक’ची जागा दहावी-बारावीने घेतली. आज पुण्याच्या या मंडळाची नऊ विभागीय मंडळे आहेत. आपल्या मुंबई विभागाचे कार्यालय वाशीला आहे, आणि निकालात काही अडले की उपनगरातला पालक हार्बरची गाडी पकडून वाशीला जातो.

या मंडळाची प्रतवारी साधी आहे. प्रत्येक विषयात ३५ म्हणजे उत्तीर्ण. एकूण ४५ टक्क्यांना द्वितीय श्रेणी, ६० ला प्रथम श्रेणी, ७५ आणि त्यापुढे विशेष प्रावीण्य, म्हणजे आपले डिस्टिंक्शन. बारावीला प्रत्येकी १०० गुणांचे सहा विषय, बेरीज ६००. ‘पर्यावरण शिक्षण’ आणि ‘आरोग्य व शारीरिक शिक्षण’ यांची फक्त श्रेणी छापली जाते. आता गणित करा. ६०० पैकी ४५० मिळाले तर ७५ टक्के, डिस्टिंक्शन. ४४९ मिळाले तर ७४.८३, प्रथम श्रेणी. मध्ये किती ज्ञान आहे? एका गुणाचे. कदाचित एका एककाचे, जे उत्तराच्या शेवटी लिहायचे राहून गेले.

एक चांगले काम मंडळाने केले आहे, ते मोकळेपणाने मान्य करायला हवे. पूर्वी गुणवत्ता यादी लागायची. ‘बोर्डात आला’ हा शब्दप्रयोग त्यातूनच आला. निकालाच्या दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात पेढा भरवतानाचे फोटो, पहिला कोण, दुसरी कोण, दोघांत अंतर किती, तर एक गुण. दोन हजारनंतरच्या दशकात ही यादी बंद झाली. आणखी एक सुधारणा झाली: गुणपत्रकावरचा ‘नापास’ हा शिक्का गेला, त्या जागी पुनर्परीक्षेस पात्र अशा अर्थाचा शेरा आला. पुरवणी परीक्षाही पूर्वी ऑक्टोबरमध्ये व्हायची आणि मुलाचे वर्ष जायचे. आता ती निकालानंतर काही आठवड्यांतच होते. यादी गेली, शिक्का गेला. पण यादी आपल्या डोक्यातून गेली का?

आता दुसरा प्रश्न. आकडा तयार कसा होतो? त्यासाठी बारावीची भौतिकशास्त्राची प्रश्नपत्रिका उघडू. लेखी ७० गुणांची, प्रात्यक्षिक ३० गुणांचे. ‘अ’ विभागात १० गुणांचे बहुपर्यायी प्रश्न आणि एकेका गुणाचे आठ अतिलघुत्तरी प्रश्न. ‘ब’ विभागात दोन गुणांचे बारा प्रश्न, त्यांतले आठ सोडवायचे. ‘क’ मध्ये तीन गुणांचे बारा, त्यांतलेही आठच. ‘ड’ मध्ये चार गुणांचे पाच, सोडवायचे तीन. बेरीज करून पाहा: छापलेले प्रश्न ९८ गुणांचे, सोडवायचे ७० गुणांचे. म्हणजे २८ गुणांची निवड विद्यार्थ्याच्या हातात. ही सवलत माणुसकीची आहे यात शंका नाही. पण तिचा अर्थ असाही होतो, की एखादा धडा पूर्ण सोडून देऊनही पैकीच्या पैकी मिळू शकतात. क्लासचे शिक्षक ‘हा चॅप्टर ऑप्शनला टाका’ म्हणतात, ते याच हिशेबाने. मग ७० पैकी ७० याचा अर्थ ‘सगळे येते’ असा घ्यायचा का? नाही. अर्थ एवढाच, की जे निवडले ते चोख लिहिले.

उरले ३० गुण. ते प्रात्यक्षिकाचे, आणि परीक्षा होते मुलाच्याच कनिष्ठ महाविद्यालयात. गणिताचा आणि भाषांचा साचा ८० अधिक २०. उत्तीर्ण व्हायला ३५ लागतात, ते दोन्ही मिळून. प्रात्यक्षिकात मुलांच्या गुणांत फारसा फरक पडत नाही, हे प्रयोगशाळेत उभ्या असलेल्या प्रत्येक शिक्षकाला ठाऊक असते. म्हणजे शंभरातला तीस गुणांचा भाग बहुतेकांना जवळजवळ सारखा, आणि खरी निवड होते उरलेल्या सत्तरांत.

त्या सत्तरांचे काय होते? पेपर संपतो. २०२३ पासून सुरुवातीची दहा मिनिटे बंद करून शेवटी दहा मिनिटे वाढवून दिली आहेत, त्यामुळे शेवटची पुरवणी बांधायला थोडी उसंत मिळते. उत्तरपत्रिकेवर बारकोड चिकटवलेला असतो आणि विद्यार्थ्याचा आसन क्रमांक स्टिकरखाली झाकलेला असतो, ही कोणाची वही आहे ते तपासणाऱ्याला कळू नये म्हणून. गठ्ठे केंद्रावरून परिरक्षक केंद्रावर जातात, तिथून परीक्षकाकडे. परीक्षक म्हणजे कोण? घाटकोपरच्या किंवा अंधेरीच्या एखाद्या कनिष्ठ महाविद्यालयात सकाळी शिकवणाऱ्या बाई. दुपारी घरी येऊन, आदर्श उत्तरपत्रिका शेजारी ठेवून त्या पायरीपायरीला गुण देतात. सूत्राला अर्धा, किमती घातल्या तर अर्धा, उत्तराला एक. उजवीकडे बेरीज, पहिल्या पानावर तक्ता. त्यांच्या गठ्ठ्यातल्या काही वह्या नियामक पुन्हा पाहतो, त्याच्यावर मुख्य नियामक असतो. ही साखळी प्रामाणिकपणे विचार करून बांधलेली आहे. या साखळीतली माणसे आपल्याच वस्तीतली आहेत, त्यांच्यावर कामाचा बोजा मोठा आहे आणि त्यांच्या मागण्या वर्षानुवर्षे लोंबकळत राहिल्या आहेत. फेब्रुवारी २०२३ मध्ये कनिष्ठ महाविद्यालयीन शिक्षकांनी पेपर तपासणीवर बहिष्कार टाकला होता, तो उगाच नव्हे.

पण हस्तलिखित उत्तराला गुण देणे हे माणसाचे काम आहे. दोन तितकेच अनुभवी, तितकेच प्रामाणिक परीक्षक इंग्रजीच्या एका निबंधाला सारखेच गुण देतील का? मराठीच्या रसग्रहणाला? एकदोन गुणांचा फरक पडणारच. तो कुणाचा दोष नाही, तो मोजमापाचा स्वभाव आहे. मंडळालाही हे माहीत आहे, म्हणून तर गुणपडताळणी आहे, उत्तरपत्रिकेची छायाप्रत आहे आणि छायाप्रत घेतल्यानंतर पुनर्मूल्यांकन आहे. सहा विषयांत प्रत्येकी एकेक गुण इकडेतिकडे झाला, तर सहाशेत सहा गुण, म्हणजे एक टक्का. आणि आपण निवड करतो टक्क्याच्या दुसऱ्या दशांशावर! कांदेबटाटे तोलायच्या काट्यावर सोने तोलायला बसलो आहोत आपण.

आता तिसरा प्रश्न, आकडा कशासाठी वापरावा, आणि इथे थोडे थांबू. त्याचे उत्तर देण्याआधी एक पाहू. मुले तीच, शाळा त्याच, शिक्षक तेच, फक्त नियम बदलला, तर आकड्याचे काय होते? यासाठी प्रयोग करण्याची गरज नाही. महाराष्ट्राने तो दोनदा करून पाहिला आहे.

पहिला प्रसंग दहावीचा. २०१८ मध्ये राज्याचा निकाल ८९.४१ टक्के लागला. पुढच्या वर्षी भाषा आणि सामाजिक शास्त्रांसाठी शाळेच्या हातातले २० अंतर्गत गुण काढून टाकले आणि लेखी परीक्षा पूर्ण गुणांची केली. जून २०१९ चा निकाल आला ७७.१० टक्के. बारा टक्क्यांहून मोठी घसरण. एका वर्षात महाराष्ट्रातली मुले इतकी ढ झाली का? आदल्या वर्षी शंभर टक्के मिळवणारी सव्वाशे मुले होती, त्या वर्षी वीस उरली. अकरावीच्या प्रवेशात सीबीएसई आणि आयसीएसईची मुले पुढे निघून गेली, राज्य मंडळाच्या मुलांना आवडीचे कॉलेज मिळेना, पालक नाराज झाले. काही महिन्यांत निर्णय फिरला, अंतर्गत गुण परत आले आणि २०२० चा निकाल लागला ९५.३० टक्के. शंभर टक्केवाले झाले २४२. २०१९ साली दहावीला बसलेली ती एक तुकडी मात्र आपला आकडा घेऊन आयुष्यभर फिरणार आहे. त्यांच्या गुणपत्रकावर कुठेही लिहिलेले नाही, की या वर्षी नियम वेगळा होता.

दुसरा प्रसंग बारावीचा. २०२१ मध्ये करोनामुळे परीक्षाच रद्द झाली. तेरा लाखांहून अधिक मुले, आणि लेखी पेपर एकही नाही. मग सूत्र ठरले: दहावीचे ३० टक्के, अकरावीचे ३० टक्के, बारावीच्या अंतर्गत मूल्यमापनाचे ४० टक्के. निकाल लागला ९९.६३ टक्के. आदल्या वर्षी तो ९०.६६ होता, पुढच्या वर्षी ९४.२२ आणि २०२३ मध्ये ९१.२५. त्या परिस्थितीत याहून वेगळे काही करता आले असते का? कदाचित नाही. इंग्लंडने वेगळे करून पाहिले होते. तिथल्या ए-लेव्हलच्या परीक्षा २०२० मध्ये रद्द झाल्या तेव्हा नियामक संस्थेने शिक्षकांचे अंदाज संगणकाच्या सूत्रात घातले, आणि शिक्षकांनी दिलेल्या श्रेणींपैकी जवळजवळ चाळीस टक्के श्रेणी खाली उतरल्या. गरीब वस्त्यांतल्या शाळांना त्याचा मोठा फटका बसला. मुले रस्त्यावर उतरली आणि १७ ऑगस्टला सरकारला माघार घ्यावी लागली. आपल्याकडे उदारपणे गुण दिले गेले, तिकडे कंजुषीने. दोन्हीकडे दिसले ते एकच: आकडा मुलाइतकाच सूत्राचाही असतो.

आणि सूत्रे मंडळागणिक वेगळी आहेत. सीबीएसईची बारावीची श्रेणी घ्या. तिथे ए-वन म्हणजे अमुक इतके गुण असे नसते. त्या विषयात उत्तीर्ण झालेल्यांना क्रमाने लावून पहिल्या एकअष्टमांश मुलांना ए-वन देतात. म्हणजे तिथली श्रेणी शेजाऱ्याच्या तुलनेत ठरते, आपली श्रेणी ठरावीक रेषेवर. दोन्ही पद्धती आपापल्या जागी योग्य आहेत. प्रश्न येतो तो एकाच रांगेत दोघांना उभे केल्यावर.

ती रांग आपल्या उपनगरांत आहे. विलेपार्ल्याची मिठीबाई आणि नरसी मोनजी, साठ्ये आणि डहाणूकर. विद्याविहारचे सोमय्या, घाटकोपरचे झुनझुनवाला, मुलुंडचे वझे-केळकर, अंधेरीचे भवन्स. मुंबईत २००९ पासून अकरावीचा केंद्रीभूत ऑनलाइन प्रवेश सुरू झाला, २०२५ मध्ये तो राज्यभर गेला. त्याने देणग्यांच्या आणि ओळखीपाळखीच्या व्यवहाराला बराच आळा घातला, हे श्रेय त्याला द्यायलाच हवे. पण अल्पसंख्याक, इनहाऊस आणि व्यवस्थापन कोटा वगळून ज्या जागा उरतात, त्यांच्यासाठीची रांग दशांशावर लागते. राज्य मंडळ, सीबीएसई, आयसीएसई, सगळे एकाच यादीत.

सरकारला ही अडचण दिसत नव्हती असे नाही. २००८ मध्ये पर्सेंटाइलचे सूत्र आणले, ते न्यायालयात टिकले नाही. २००९ मध्ये नव्वद-दहाचा आदेश आला, म्हणजे नव्वद टक्के जागा राज्य मंडळाच्या मुलांना. तोही मुंबई उच्च न्यायालयाने रद्द केला. २०१० मध्ये ‘बेस्ट ऑफ फाइव्ह’ आले. ते जूनमध्ये उच्च न्यायालयात पडले आणि सर्वोच्च न्यायालयात तगले. तेव्हापासून दहावीचे टक्के सहांपैकी सर्वोत्तम पाच विषयांवर, पाचशेपैकी काढले जातात. २०२१ मध्ये दहावीची परीक्षा रद्द झाल्यावर अकरावीसाठी सीईटी जाहीर झाली आणि ऑगस्टमध्ये उच्च न्यायालयाने तीही रद्द ठरवली. चार वेळा प्रयत्न झाला आणि चारही वेळा प्रकरण न्यायालयात गेले. कारण वेगवेगळ्या मापांनी मोजलेल्या मुलांना एका सुतळीत ओवायचा कोणताही मार्ग कुणावर तरी अन्याय करतोच.

बारावीनंतर तर आणखी विलक्षण वळण येते. इंजिनिअरिंगला एमएचटी-सीईटी, मेडिकलला नीट, आयआयटीला जेईई. २०१३ ते २०१६ या काळात जेईई मेनच्या क्रमवारीत बारावीच्या गुणांना ४० टक्के वजन होते, २०१७ पासून ते गेले. आता राज्यात इंजिनिअरिंगला खुल्या गटातल्या मुलाला भौतिक, रसायन, गणित मिळून ४५ टक्के असले की तो पात्र. पुढची रांग सीईटीच्या पर्सेंटाइलची. २०२४ पासून बीएमएस, बीबीए, बीसीएलाही सीईटी आली. तेव्हा उपनगरातल्या कितीतरी महाविद्यालयांनी बीएमएसचे नाव बदलून बी.कॉम.च्या छताखाली नेले, म्हणजे बारावीच्या गुणांवर प्रवेश देता यावा.

याचा परिणाम वर्गात बसून पाहा. नाही, वर्गात कोणी दिसणारच नाही. विज्ञान शाखेची मुले ‘इंटिग्रेटेड’ला आहेत: नाव कनिष्ठ महाविद्यालयात, दिवस क्लासमध्ये. जून २०१८ मध्ये सरकारने बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढला, तो याच आजारावर. आदेशाने अंगठे उमटले, पण मुले वर्गात आली का? ज्या परीक्षेने रांगेत जागा मिळत नाही, तिच्यासाठी वर्गात बसायचे कशाला, असे सतरा वर्षांचा मुलगा विचारतो, तेव्हा त्याला काय उत्तर द्यायचे?

उत्तर आहे, श्रोतेहो. बारावीची परीक्षा ही पुन्हा ग्वाही होऊ शकते. रांग लावण्याचे ओझे तिच्या पाठीवरून उतरत असेल, तर ती आपले मूळ काम निवांतपणे करू शकते: या मुलाला मराठीत परिच्छेद लिहिता येतो, या मुलीला प्रयोग मांडता येतो, हिशेब ठेवता येतो, हे सांगण्याचे काम. ते काम सीईटीच्या पर्यायी प्रश्नांना जमत नाही. कला आणि वाणिज्य शाखेच्या लाखो मुलांसाठी तर आजही हेच एक मोजमाप आहे.

आतापर्यंतचे थोडक्यात सांगायचे तर: प्रमाणपत्र ग्वाही देते, गुणपत्रक मोजते, आणि त्या मोजण्यात निवडीचे प्रश्न, शाळेच्या हातातले गुण आणि परीक्षकाचा हात या तिन्हींचा वाटा असतो. नियम हलला की आकडा हलतो, मूल तेच राहते. आणि या हलत्या आकड्याच्या दशांशावर आपण रांग लावतो.

म्हणून चार मागण्या. पहिली, गुणपत्रकावर प्रत्येक विषयापुढे त्या वर्षी राज्यात त्या विषयात किती मुले कोणत्या टप्प्यात होती हे छापावे, म्हणजे २०१९ चे ८२ आणि २०२० चे ८२ यांतला फरक वाचणाऱ्याला दिसेल. दुसरी, छायाप्रत मागणाऱ्यालाच, पैसे भरल्यावरच का? निकालानंतर प्रत्येक विद्यार्थ्याला त्याच्या सगळ्या उत्तरपत्रिका पाहायला मिळाव्यात. आपली चूक कुठे झाली हे न कळता परीक्षा संपते, तेव्हा ती शिकवत काहीच नाही. तिसरी, दशांशाने मुले वेगळी करण्याऐवजी एका टक्क्याच्या पट्ट्यातली मुले प्रवेशासाठी समान मानावीत आणि पुढचा निकष उघड असावा: घराजवळचे कॉलेज, किंवा सरळ सोडत. बोरिवलीच्या मुलीला पार्ल्याचे दशांश गाठता आले नाहीत म्हणून तिला उल्हासनगरला पाठवण्यात कोणती गुणवत्ता जपली जाते? चौथी, परीक्षकांना तपासणीच्या दिवसांत अध्यापनातून मोकळीक आणि रास्त मानधन मिळावे.

यातल्या तीन मागण्या मंडळाकडे आणि सरकारकडे आहेत. दुसरीची सुरुवात मात्र याच सभागृहातून होऊ शकते. मे महिन्यात निकाल लागेल. ज्यांच्या घरी बारावीचे मूल आहे त्यांनी, गुण कमी पडले असोत वा भरपूर मिळाले असोत, निदान एका विषयाच्या छायाप्रतीसाठी अर्ज करावा, मुलासोबत बसून ती वही पानापानाने वाचावी, आणि जिथे गुण का गेला हे कळत नाही तिथे मंडळाला लेखी विचारावे. असे पाचशे अर्ज एका उपनगरातून वाशीला गेले, तर पुढच्या वर्षी सगळ्याच मुलांना वह्या दाखवण्याची चर्चा तिथे सुरू करावी लागेल.